सोडलेला मासा

माणसाने मासा धरावा आणि खावा, यात काही नैतिक प्रश्न दडला आहे असे आपल्याकडे सहसा कुणाला वाटत नाही. मात्र मासा धरावा आणि न खाता पुन्हा पाण्यात सोडून द्यावा, ही गोष्ट उत्तनच्या किंवा वसईच्या पाचूबंदरच्या कोळी बांधवाला सांगितली, तर तो आधी हसेल आणि मग विचारील, ‘मग धरला कशाला?’ वाचकहो, हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. अमेरिकेत लाखो माणसे दर उन्हाळ्यात नद्यांवर जाऊन हेच करतात आणि मासा जिवंत सोडणे हे सज्जन मासेमाराचे कर्तव्य मानतात. जर्मनीत याच कृतीबद्दल माणसाला न्यायालयात उभे राहावे लागू शकते. दोन्ही समाज ख्रिस्ती संस्कारांत घडलेले, दोघेही आपली भूमिका प्राणिमात्रांविषयीच्या कळकळीतून आली असे सांगणारे; निवाडे मात्र एकमेकांच्या नेमके उलट. असा पेच पडला की समजावे, कुठला तरी एक शब्द आपण न तपासता वापरीत आहोत. माझ्या मते तो शब्द ‘दया’ हा आहे.

ज्या माशाच्या निमित्ताने हा विचार सुरू झाला त्याचे नाव स्मॉलमाउथ बास. मिसूरी राज्यात स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने काही वर्षांपूर्वी जुलै महिन्यात मला जॅक्स फोर्क या नदीवर नेले होते. मिसूरीचा दक्षिण भाग आणि आर्कान्सॉचा उत्तर भाग व्यापणाऱ्या डोंगराळ मुलखाला ओझार्क म्हणतात. तेथील खडक चुन्याचे आणि डोलोमाइटचे. पावसाचे पाणी त्यात मुरते, भुयारी वाटांनी वाहते आणि प्रचंड झऱ्यांच्या रूपाने पुन्हा वर येते. म्हणून तेथील नद्यांचे पाणी असे नितळ की, पुरुषभर खोल डोहाच्या तळाचा गोटा न् गोटा मोजता यावा. अ‍ॅली स्प्रिंग नावाच्या झऱ्यापाशी १८९४ साली बांधलेली लाल रंगाची पिठाची गिरणी अजून उभी आहे. तिच्याजवळून आम्ही पाण्यात उतरलो.

या प्रकारच्या मासेमारीला तिकडे ‘फ्लोट’ म्हणतात. आपल्याला त्या शब्दाने गळाच्या दोरीला बांधलेले तरंगते बूच आठवेल. पण इथे तरंगतो तो माणूस. सपाट तळाची जॉनबोट किंवा हलकी कॅनू घेऊन सकाळी नदीच्या वरच्या अंगाला उतरायचे, प्रवाहाबरोबर वाहत जायचे आणि संध्याकाळी काही मैल खाली बाहेर पडायचे. वल्हे केवळ दिशा देण्यापुरते. खळाळ संपून डोह सुरू होतो तिथे, काठच्या शिळेच्या सावलीत किंवा पाण्यात पडलेल्या ओंडक्याच्या कडेला गळ टाकायचा. होडी पुढे सरकत असते, त्यामुळे एका शिळेपाशी एक-दोन वेळाच गळ पडतो. मोटारीचा आवाज नाही, घाई नाही. काठावर बगळा उभा असतो, ओंडक्यावर कासवे ऊन खात बसलेली असतात. विश्रांतीचा याहून निष्पाप प्रकार सांगा म्हटले, तर मला पटकन सांगता येणार नाही.

मासा काशाच्या रंगाचा, अंगावर उभे गडद पट्टे, डोळा बहुधा तांबूस. आपल्या शेवंडाचे लहानसे भावंड शोभावे असा एक कवचधारी जीव या नद्यांत गोट्यांखाली राहतो. तो याचा मुख्य आहार. गळ लागताच हा मासा पाण्याबाहेर उसळी घेतो, मग तळाकडे झेपावतो, पुन्हा उसळतो. त्याच्या नावाची कथा मजेदार आहे. १८०२ साली लासेपेद या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले, तेव्हा त्याच्या हाती आलेल्या नमुन्याचा पाठीवरचा पर तुटलेला होता. तो तुटका तुकडा म्हणजे वेगळा लहानसा परच, असे समजून त्याने ‘लहान पराचा’ या अर्थाचे मायक्रोप्टेरस हे नाव दिले, आणि पुढे डोलोमियू हे आपल्या मित्राचे नाव जोडले. याच डोलोमियूवरून डोलोमाइट या खडकाला नाव मिळाले. ओझार्कमध्ये तो मासा त्याच खडकावरून वाहणाऱ्या पाण्यात राहतो, हा निव्वळ योगायोग; पण मला तो आवडला.

या माशाची वाढ मंद असते. ओझार्कच्या नदीत तो बारा इंचांचा व्हायला साधारण चार-पाच वर्षे घेतो. जुन्या काळी याची कुणाला पर्वा नव्हती. १८८१ साली जेम्स हेनशल नावाच्या डॉक्टराने बासवर एक मोठा ग्रंथ लिहिला आणि तोवर ट्राउटच्या सावलीत राहिलेल्या या माशाला प्रतिष्ठा मिळवून दिली. प्रतिष्ठेबरोबर गर्दी आली. ब्रॅन्सन गावच्या जिम ओवेन यांनी १९३५ साली होड्यांचा व्यवसाय काढला. शहरांतली श्रीमंत माणसे आगगाडीने येत, वाटाड्याबरोबर पाच-पाच दिवस जेम्स आणि व्हाइट या नद्यांवरून वाहत जात, रात्री गोट्यांच्या काठावर तंबू ठोकून राहत. त्या काळच्या छायाचित्रांत हसरी माणसे आणि त्यांच्यामध्ये दोरीला ओवलेल्या मेलेल्या माशांच्या माळा दिसतात. इतके मासे कुणी खाल्ले असतील असे वाटत नाही.

मग धरणे आली. व्हाइट नदीवर १९१३ सालीच एक बांध झाला होता. पुढे १९५१ मध्ये बुल शोल्स आणि १९५८ मध्ये टेबल रॉक ही प्रचंड धरणे उभी राहिली. त्या प्रसिद्ध प्रवासाचा मोठा भाग जलाशयाखाली गेला. धरणाच्या तळातून सुटणारे पाणी बर्फासारखे थंड, त्यात बास राहू शकेना. तिथे आता बाहेरून आणलेले ट्राउट सोडतात. शेजारच्या बफेलो नदीचेही तेच होणार होते. पण नील कॉम्प्टन नावाच्या डॉक्टराच्या पुढाकाराने १९६२ साली ओझार्क सोसायटी स्थापन झाली आणि दहा वर्षांच्या झगड्यानंतर १ मार्च १९७२ रोजी बफेलो ही अमेरिकेची पहिली ‘राष्ट्रीय नदी’ म्हणून संरक्षित झाली. आम्ही गेलो ती जॅक्स फोर्क आणि ती जिला मिळते ती करंट, या नद्यांना त्याआधी १९६४ सालीच संरक्षण मिळाले होते. हे श्रेय एकट्या मासेमारांचे नव्हे, काठावरच्या शेतकरी कुटुंबांना त्यापायी आपल्या जमिनी सोडाव्या लागल्या हेही खरे. तरी या नद्यांवर दिवसभर तरंगत जाणारी माणसे नसती, तर त्यांच्यासाठी भांडायला कोण उभे राहिले असते?

१९७२ हे वर्ष या विषयात दोनदा नव्हे, तीनदा येते. त्याच वर्षी रे स्कॉट यांनी बासच्या स्पर्धांमध्ये धरलेला मासा जिवंत सोडण्याची प्रथा सुरू केली. ली वुल्फ या नामांकित मासेमाराने १९३९ सालीच म्हटले होते की, असा मासा एकदाच धरला जावा इतका स्वस्त नाही. आता ते मत चळवळ बनले. आणि त्याच १९७२ साली जर्मनीने प्राणिसंरक्षणाचा कायदा केला. पाठीचा कणा असलेल्या प्राण्याला वाजवी कारणाशिवाय वेदना देणे त्याने दंडनीय ठरवले. अन्न हे वाजवी कारण, करमणूक नव्हे. त्यामुळे पुन्हा सोडण्याच्या बेताने मासा धरणे तिथे गुन्ह्याच्या कक्षेत येऊ लागले. स्वित्झर्लंडने २००८ मध्ये तीच गोष्ट नियमात स्पष्टच लिहिली.

आता दोन्ही पक्ष नीट ऐकू या.

अमेरिकन मासेमार म्हणतो: नदीत मासे मोजके, माणसे अनेक. प्रत्येकाने धरलेला मासा घरी नेला, तर पाच वर्षांत नदी ओस पडेल. सोडलेल्या माशांपैकी बहुतेक जगतात, विशेषतः गळ ओठात लागला असेल, हात ओले करून मासा धरला असेल आणि त्याला क्षणभरच हवेत ठेवले असेल तर. मिसूरीच्या काही निवडक नद्यांवर १५ इंचांपेक्षा लहान स्मॉलमाउथ ठेवता येत नाही, आणि मोठाही दिवसाला एकच. या शिस्तीमुळे ते नदीप्रवाह टिकून आहेत. यातला शब्दन् शब्द खरा आहे.

जर्मन कायदा म्हणतो: नदी टिकवायची तर कमी मासे धरा, धरलेल्याला दुखवून सोडण्याचे कारण काय? माशाला वेदना होते का, याविषयी शास्त्रज्ञांत वाद आहे. २००२ साली अमेरिकेतील जेम्स रोझ यांनी मांडले की, वेदनेची जाणीव ज्या मेंदूच्या थरात होते तो थर माशाला नाहीच. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधील लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउटच्या ओठांत मधमाशीचे विष आणि सौम्य आम्ल टोचून पाहिले. ते मासे बराच वेळ अन्नाला शिवले नाहीत. ज्यांना आम्ल टोचले होते त्यांतले काही टाकीच्या तळाच्या खड्यांवर ओठ घासू लागले. मी शास्त्रज्ञ नाही. पण ज्याचा ओठ खड्यावर घासला जातो आहे त्याला काही होत नाही, असे म्हणायला मला धीर होत नाही. ‘मांजराचा खेळ होतो, उंदराचा जीव जातो’ ही आपली म्हण मांजराला उद्देशून नाही, हे सर्वांना ठाऊक आहे.

आपल्या श्रद्धेत याविषयी काय आहे? शुभवर्तमानात मासे ठायी ठायी भेटतात, पण ते अन्न म्हणून आणि उपजीविका म्हणून. योहानच्या शेवटच्या अध्यायात रात्रभर रिकाम्या हाताने राबलेल्या शिष्यांच्या जाळ्यात १५३ मासे येतात, आणि किनाऱ्यावर प्रभू निखाऱ्यांवर मासळी भाजून त्यांना न्याहारीला बोलावतो. तिथे कुणी खेळ म्हणून गळ टाकीत नाही. मात्र त्यावरून खेळाला बंदी आहे असा निष्कर्ष काढणे हा अतिरेक होईल. १९९२ सालचा कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ अधिक नेमका आहे. माणसाने अन्नवस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करावा, काम आणि विरंगुळा यांत त्यांची मदत घ्यावी, याला तो मान्यता देतो. आणि लगेच पुढे म्हणतो की, प्राण्यांना विनाकारण क्लेश देणे वा मारणे हे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात हेच सूत्र पुन्हा मांडले. संत थॉमस अक्वायनस यांचे मत होते की, प्राण्यांशी क्रूरपणे वागणारा हळूहळू माणसांशीही तसाच वागू लागतो. हा मुद्दा चांगला आहे, पण मला तो अपुरा वाटतो. जणू माशाचा क्लेश ही आपल्या स्वभावाची केवळ तालीम आहे! धर्मशिक्षण ग्रंथातला कळीचा शब्द ‘विनाकारण’ हा आहे, आणि विरंगुळा हे कारण होऊ शकते की नाही, तिथेच सगळे अडते.

आमच्या फ्लोटवर भाच्याची दहा वर्षांची मुलगी होती. दुपारी डोहाच्या तोंडाशी भाच्याला चांगला हातभर लांब बास लागला. तीन-चार उसळ्यांनंतर तो होडीशी आला. भाच्याने हात ओला करून त्याचा खालचा ओठ चिमटीत धरला, चिमट्याने गळ काढला. ओठातून रक्ताचा एक थेंब आला. मुलीने विचारले, ‘डॅडी, त्याला दुखलं का?’ तो म्हणाला, ‘नाही गं, माशांना नाही दुखत.’ आणि मासा सोडला. शेपटीचा फटका मारून तो क्षणात खोल गेला. मुलगी टाळ्या वाजवू लागली.

माझा भाचा सज्जन आहे, मुलीशी खोटे बोलणारा नाही. त्याने जे त्याला सांगितले गेले होते तेच सांगितले. पण मला वाटते, त्या एका वाक्याशिवाय सोडण्याची ही सारी नीती उभी राहत नाही. दुखत नसेल, तर सोडण्यात दयेचा प्रश्नच येत नाही. ते केवळ नदीचे व्यवस्थापन झाले, बँकेत ठेव परत टाकावी तसे. आणि दुखत असेल, तर जे दुःख आपणच दिले ते थांबवण्याला दया म्हणता येत नाही. वाटमाऱ्याने थैली हिसकावून दहा मिनिटांनी परत दिली, तर त्याला आपण दानशूर म्हणत नाही. दया करणाऱ्याने निदान तो क्लेश स्वतः निर्माण केलेला नसावा, एवढी अट तर त्या शब्दात आहेच.

म्हणजे जर्मन कायदा बरोबर? त्याचाही मला पुरता भरवसा नाही. कारण त्यातून असे निष्पन्न होते की, मारण्याचा बेत असला की धरणे निर्दोष, आणि जगू देण्याचा बेत असला की सदोष. पोट भरलेला माणूस केवळ नियम पाळण्यासाठी मासा मारू लागला, तर माशाचे काय भले झाले? शिवाय हिशेब दोन्ही बाजूंनी करायला हवा. एक माणूस दोन मासे धरतो, मारतो, गोट्यांच्या काठावर तव्यावर परततो आणि काठी गुंडाळून ठेवतो. दुसरा दिवसभरात चाळीस धरतो आणि चाळीस सोडतो. त्या चाळिसांतले एक-दोन, पाणी कोमट असेल किंवा जिवंत आमिषाबरोबर गळ घशात गेला असेल तर अधिकही, पुढे कुठेतरी मरणारच. मेलेले मासे दोघांच्या खाती जवळपास सारखेच. ओठ मात्र दुसऱ्याने चाळीस फाडले. तरी आपल्या हातून रक्त सांडले नाही असे समाधान घेऊन घरी जातो तो दुसराच. पहिल्याला ठाऊक असते की आपण जीव घेतला. मला पहिल्या माणसाची संगत अधिक पसंत पडेल, आणि त्याचे कारण तो खातो हे नाही. तो कुठेतरी थांबतो हे आहे.

सोडणे हे स्वतःतच पुण्य नव्हे, याचा आणखी एक पुरावा या माशाच्याच इतिहासात आहे. पोटोमॅक नदीत तो मुळात नव्हता. १८५४ साली जनरल विल्यम श्रायव्हर यांनी बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनामागील पाण्याच्या टाकीतून थोडे मासे डोंगरापलीकडून आणले आणि कंबरलँडजवळच्या कालव्यात सोडले. तिथून ते नदीभर पसरले. हौसेने आणि सद्हेतूने असे किती ठिकाणी झाले याला गणती नाही. आज कोलोराडो नदीत, ग्लेन कॅन्यन धरणाखाली, हाच मासा संकट झाला आहे. २०२२ साली तिथे त्याची पिल्ले सापडली आणि ग्रँड कॅन्यनमधील हंपबॅक चब या दुर्मीळ स्थानिक माशाच्या अस्तित्वाची काळजी सुरू झाली. सरकारी जीवशास्त्रज्ञांनी त्यांना औषध घालून मारले; २०२४ च्या उन्हाळ्यात बासची वीण होऊ नये म्हणून धरणातून मुद्दाम थंड पाणी सोडण्यात आले. तिथे जो मासेमार हळुवार हातांनी बास पाण्यात परत सोडील, तो नदीचे नुकसान करील. हात तेच, मासा तोच.

पण ज्या एका बाबतीत माझ्या मनात संदेह उरत नाही, ती बाब या माशाच्या पितृत्वाची आहे. वसंतात पाणी कोमट होऊ लागले की, नर तळाच्या गोट्यांत शेपटीने ताटासारखा गोल खळगा उकरतो. मादी अंडी घालून निघून जाते. त्यानंतर अंडी फुटेपर्यंत आणि काळी, बारीक पिल्ले स्वतंत्र होईपर्यंत काही आठवडे नर एकटा पहारा करतो, परांनी पाणी हलवून अंडी स्वच्छ ठेवतो आणि स्वतः जवळपास उपाशी राहतो. या दिवसांत समोर आलेल्या बनावट आमिषावर तो झडप घालतो ती भुकेने नव्हे. घरात शिरलेल्याला हाकलण्यासाठी. म्हणून तो या दिवसांत धरायला सर्वांत सोपा. संशोधकांनी पाण्याखाली जाऊन पाहिले आहे की, बापाला वर ओढले की इतर मासे काही मिनिटांत त्या खळग्यावर तुटून पडतात, आणि दमलेला, उशिरा परतलेला नर पुष्कळदा ते घरटे सोडूनच देतो. मासेमाराने मासा सोडलेला असतो, त्याचे मन स्वच्छ असते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताने पुष्कळ भागांत जूनच्या उत्तरार्धापर्यंत बासची मासेमारीच बंद ठेवण्याचा नियम दीर्घकाळ पाळला, तो यासाठी. ओझार्कच्या बहुतेक प्रवाहांत मार्चपासून मेच्या चौथ्या शनिवारपर्यंत बास ठेवून घेण्यास मनाई असते, धरून सोडण्यास मात्र नसते. ‘सोडतोच आहोत’ या एका शब्दाने किती दारे उघडी राहतात पाहा.

आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात. ज्यांच्या घरची चूल मासळीवर पेटते, त्यांनी दोन महिने हात आवरायचे असतात. त्या बंदीविरुद्ध कुरकुर होते, ती मोडलीही जाते, पण तिचा अर्थ कोळीवाड्यातल्या शेंबड्या पोरालाही कळतो. ज्यांना मासळीची गरजच नाही त्यांनी तेवढे आवरणे जड जाऊ नये.

हे सारे मी त्या रात्री भाच्याशी बोललो, तेव्हा तो वाद घालीत राहिला, आणि त्याचे काही मुद्दे मला खोडता आले नाहीत. गळाचा उलटा काटा चिमट्याने दाबून टाकला तर इजा कमी होते, असे तो म्हणाला. ते खरे आहे. नदीवर न जाणारी माणसे नदीसाठी भांडत नाहीत, असेही म्हणाला. पुढच्या वर्षी त्याचा फोन आला तेव्हा मे महिना होता. ते नुकतेच जॅक्स फोर्कवरून आले होते, काठ्या घरी ठेवून. मुलीने होडीच्या नाकावर पालथे पडून खळग्यावर फिरणारे चार नर मोजले होते. त्यातल्या एकाच्या ओठाला जुनी खूण होती, असे ती छातीठोकपणे सांगत होती. पाण्यातून ती दिसणे शक्य नाही, असे तिच्या बापाचे म्हणणे.